एका अंशाची चूक



७ ऑगस्ट २०२१ ही तारीख आपल्यापैकी पुष्कळांच्या लक्षात असेल. त्या दिवशी संध्याकाळी टोकियोच्या ऑलिंपिक मैदानावर नीरज चोप्रा यांनी भाला फेकला आणि भारताला सुवर्णपदक मिळाले. पण त्याच दिवशी सकाळी, टोकियोजवळच्याच दुसऱ्या एका मैदानावर, एक भारतीय मुलगी आपला शेवटचा डाव खेळत होती. ती गोष्ट मात्र त्या आनंदाच्या गलबल्यात मागे पडली. तिचे नाव अदिती अशोक. गाव बंगळूर, वय तेवीस, खेळ गोल्फ. स्पर्धेत ६० जणी होत्या आणि जागतिक क्रमवारीत अदितीचा नंबर होता २०० वा. ती चार दिवस खेळली. चार दिवसांत मिळून तिने २६९ टोले मारले. पहिली आली ती अमेरिकेची नेली कोर्डा, २६७ टोल्यांत. तिच्या मागोमाग जपानची मोने इनामी आणि न्यूझीलंडची लिडिया को, प्रत्येकी २६८ टोल्यांत. अदिती चौथी.

शेवटच्या, म्हणजे अठराव्या खड्ड्यापाशी तिचा चेंडू बराच लांब पडला होता. तिथून तो एका टोल्यात आत गेला असता, तर तिचेही २६८ झाले असते आणि त्या दोघींबरोबर पदकासाठी पुन्हा खेळायला मिळाले असते. चेंडू खड्ड्याच्या जवळून निघून गेला. आत पडला नाही.

चार दिवस, २६९ टोले, आणि फरक एका टोल्याचा. तो एक टोला गेला कुठे? आज मी आपल्याशी याविषयीच बोलणार आहे. गोल्फचा चेंडू नेमका हवा तिथे जायचा, तर काय काय नेमके असावे लागते, आणि ते नेमकेपण कोणत्या क्षणी लागते. मी खेळाडू नव्हे. कॉलेजात गणित शिकवणारा माणूस आहे. त्यामुळे बोलणे थोडे हिशेबाचे होईल. पण हिशेब तोंडी करण्यासारखा आहे, पाटी घेऊन बसायला नको.

आपण म्हणाल, हा तर साहेबलोकांचा खेळ. आमच्या गावात धड क्रीडांगण नाही, तिथे गोल्फचे कसले सांगता? आक्षेप खरा आहे. इंग्रजांनी १८२९ साली कलकत्त्यास या खेळाचा क्लब काढला, तेव्हापासून आपल्याकडे हा खेळ कुंपणाच्या आतच राहिला. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक म्हणजे हा खेळ वाढला तो स्कॉटलंडमध्ये, समुद्रकाठच्या रेताड माळावर, जिथे मेंढ्या चरत. दुसरी म्हणजे, १९९१ आणि १९९३ साली इंडियन ओपन ही आपल्या देशातील मोठी स्पर्धा जिंकणारे अली शेर हे दिल्लीच्या मैदानावर दुसऱ्यांच्या काठ्या वाहून खेळ शिकले. मैदान आपले नसेल, पण त्यातले गणित कुणाच्या मालकीचे नाही. विटीदांडू खेळलेल्या माणसाला तर ते अर्धे आधीच येते.

खेळ असा. एक चेंडू घ्यायचा. मोठ्या लिंबाएवढा, वजन जास्तीत जास्त ४६ ग्रॅमच्या आसपास. तो जमिनीवर ठेवून काठीने मारायचा आणि दूर कुठेतरी असलेल्या एका खड्ड्यात घालायचा. कमीत कमी टोल्यांत घालील तो जिंकला. असे अठरा खड्डे. प्रत्येक खड्ड्याचे तोंड सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर, साधारण आपल्या पाणी पिण्याच्या तांब्याच्या तोंडाएवढे. आणि सुरुवातीची जागा तिथून चारशे यार्डांवरही असते. वाटेत झाडी, पाण्याची तळी, मुद्दाम करून ठेवलेले वाळूचे खड्डे. खेळाडूला जास्तीत जास्त चौदा काठ्या नेता येतात. प्रत्येक काठीच्या टोकाला एक जड ठोकळा असतो. त्याचा जो सपाट भाग चेंडूला लागतो, त्याला आपण काठीचे तोंड म्हणू. लांब मारायच्या काठीचे तोंड जवळजवळ उभे असते, जवळच्या टोल्याच्या काठीचे आभाळाकडे कललेले असते. शेवटी खड्ड्याभोवतीच्या हिरवळीवरून चेंडू घरंगळत न्यायचा, त्या टोल्याला पट म्हणतात.

आता माझी फजिती सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी एका शहराजवळच्या मैदानावर कॅडीचे काम करतो. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची काठ्यांची पिशवी वाहणारा, चेंडू शोधून देणारा. बारावीला तो माझ्या वर्गात होता. गणितात दोनदा नापास झाला आणि शिक्षण सोडून गेला. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्याची माझी बसस्थानकावर गाठ पडली. आग्रह करून तो मला मैदान दाखवायला घेऊन गेला. त्या दिवशी सरावाच्या पट्ट्यावर कुणी नव्हते. तिथल्या एका शिक्षकाची परवानगी काढून त्याने माझ्या हातात काठी दिली आणि म्हणाला, "सर, एक टोला मारून तर बघा."

मी मनात म्हटले, यात काय आहे? लहानपणी उडती विटी मारलेला माणूस मी. इथे तर चेंडू गरिबासारखा जागेवर उभा. मी काठी उगारली आणि हाणली. सूं करून आवाज झाला. चेंडू होता तिथेच. दुसऱ्या खेपेस हिरवळीचे एक ढेकूळ उडून दहा हात पुढे पडले, चेंडू तरीही तिथेच. पोरगा सभ्य, त्याने तोंड फिरवून घेतले. नंतर वाचताना मला थोडा धीर आला. १९७१ च्या फेब्रुवारीत अ‍ॅलन शेपर्ड या अमेरिकन अंतराळवीराने चंद्रावर गोल्फचे चेंडू मारले, तेव्हा त्यालाही पहिल्यांदा चेंडूपेक्षा माती जास्त मिळाली होती. पण त्याच्या अंगावर तो अवजड पोशाख होता आणि काठी एका हाताने मारावी लागत होती. माझ्या अंगावर साधा सदरा होता.

पाचव्या की सहाव्या खेपेस चेंडू लागला एकदाचा. हवेत गेला आणि डावीकडच्या झुडपात गडप झाला. निशाण कितीतरी उजवीकडे राहिले. मी म्हणालो, "मनगट वळलं वाटतं." तो म्हणाला, "नाही सर. मारायच्या आधीच चुकलं. पाय बघा तुमचे." त्याने एक काठी माझ्या दोन्ही बुटांच्या टोकांना लागून जमिनीवर आडवी ठेवली आणि मला मागे येऊन बघायला सांगितले. काठीचे टोक सरळ डावीकडच्या कडुलिंबाकडे बोट दाखवत होते. मी निशाणाकडे तोंड करून उभा आहे, असे मला शपथेवर वाटत होते.

इथे आपला हिशेब सुरू होतो. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सहा अंश फिरतो. म्हणजे दहा सेकंदांत एक अंश. तो फिरलेला डोळ्याला दिसतसुद्धा नाही. आता असे समजा, चेंडू मारताना काठीचे तोंड एवढेच, एक अंश, वाकडे लागले. तर चेंडू किती बाजूला जाईल? याचे एक सोपे माप आहे. साठ पावले चालायचे आणि एक पाऊल बाजूला व्हायचे. तुम्ही निघालात तिथून बघितले तर हा जवळजवळ एक अंश भरतो. काटेकोर म्हणाल तर सत्तावन्न पावलांस एक. या मापाने दोनशे यार्डांवर एका अंशाला साडेतीन यार्ड पडतात, म्हणजे दहा फुटांहून जास्त. चार अंश चुकले तर चौदा यार्ड, म्हणजे चेंडू झाडीत. आणि हे झाले चेंडू सरळ रेषेत गेला तर. तो वळला तर आणखी पुढचे.

चूक जन्मते तेव्हा ती केसाएवढी असते. पुढे तिला कुणी खायला घालत नाही, नुसते अंतर तिला वाढवते. पाभर धरणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. पहिले तास बांधाला धरून सरळ नसले, की पुढची सगळी तासे त्याच्या मागे वाकडी जातात, आणि शेवटी धुऱ्यावर पाचर उरते.

मग कुणी म्हणेल, मारताना नीट लक्ष दिले म्हणजे झाले. मलाही तसेच वाटत होते. पण काठी आणि चेंडू यांची गाठ किती वेळ असते, माहीत आहे? सेकंदाचा सुमारे दोन हजारावा भाग. इंग्लंडमधील अ‍ॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज यांनी या टोल्याचा शास्त्रीय अभ्यास करून १९६८ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ही मोजमापे आहेत. कसलेल्या व्यावसायिक खेळाडूची काठी खाली येते ती ताशी १८० किलोमीटरच्या आसपास वेगाने. चेंडू क्षणभर तिच्या तोंडावर चपटा होतो, फुगतो आणि सुटतो. तेवढ्यात दोघे मिळून इंचभरदेखील पुढे गेलेले नसतात. सुटतो तेव्हा चेंडूचा वेग ताशी २७० किलोमीटरच्या घरात असतो.

आता दुसरी बाजू. डोळ्याने पाहून किंवा हाताला कळून माणसाने काही दुरुस्त करायचे, तर त्याला निदान सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्या वेळात चेंडू पन्नास फूट पुढे निघून गेलेला असतो. म्हणजे टोला लागल्याचे मारणाऱ्याच्या ध्यानात येते, तेव्हा चेंडूचे आणि त्याचे नाते संपलेले असते. त्या क्षणी लक्ष देऊन काही होत नाही. एवढेच काय, काठी वरून खाली यायला सुमारे पाव सेकंदच लागतो, आणि तेवढ्यात तिचे तोंड जवळजवळ काटकोनात फिरून सरळ व्हायचे असते. ती एकदा खाली सुटली, की फारसे काही हातात उरत नाही. तेव्हा नेमकेपण आणायचे ते त्याच्या आधी. पाय कुठे, खांदे कुठे, पकड कशी, चेंडू पायांपासून किती लांब, नजर कशावर. हे सगळे चेंडू जागेवर उभा असताना ठरते, आणि तेव्हा वेळ हवा तेवढा असतो. ज्या क्षणाची आपण धास्ती घेतो, त्या क्षणी करण्यासारखे काहीच नसते. ज्या वेळी करण्यासारखे सगळे असते, त्या वेळी आपण घाईत असतो.

चेंडू वळतो तो का, याचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. गेल्या शतकाच्या आधी, १८४८ च्या सुमारास, गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकापासून गुळगुळीत चेंडू करू लागले. खेळणाऱ्यांच्या लक्षात आले, की नवा कोरा चेंडू धड उडत नाही, आणि वापरून ओरखडे पडलेला जुना चेंडू मात्र लांब जातो. मग लोक नव्या चेंडूलाच हातोडीने खाचा पाडू लागले. आजच्या चेंडूवर तीनशे-चारशे बारीक खळगे असतात, ते त्याच खाचांचे वारस. खळग्यांमुळे हवा चेंडूच्या अंगाला जास्त वेळ लगटून राहते आणि मागे खेचणारा जोर कमी होतो.

पण याहून महत्त्वाची गोष्ट फिरकीची. एडिंबरो विद्यापीठात पीटर गथ्री टेट नावाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. गोल्फचे मोठे वेडे. त्यांचा मुलगा फ्रेडी पुढे १८९६ आणि १८९८ साली ब्रिटनचा हौशी खेळाडूंतला विजेता झाला. टेट यांना प्रश्न पडला, एवढासा चेंडू एवढा वेळ हवेत तरंगतो कसा? त्यांनी तर्क केला, की टोला बसताना चेंडूला उलटी फिरकी मिळत असली पाहिजे आणि ती त्याला वर उचलून धरत असली पाहिजे. पण फिरकी मोजायची कशी? तेव्हा काही आजच्यासारखे कॅमेरे नव्हते. टेट यांनी चेंडूला एक लांब सपाट फीत बांधली, फितीचे दुसरे टोक जमिनीला पक्के केले, आणि समोर थोड्याच अंतरावर चिकणमातीचा लगदा उभा करून चेंडू त्यात मारायला लावला. मग फितीला पडलेले पीळ मोजले. जितके पीळ, तितक्या फेऱ्या. शिक्षक बंधुभगिनींनो, प्रयोगशाळेत साहित्य नाही म्हणून आपण हात बांधून बसतो, तेव्हा ही फीत आठवावी.

काठीचे तोंड एका दिशेला आणि काठी येण्याची वाट दुसऱ्या दिशेला असली, की ही फिरकी तिरकी होते आणि चेंडू केळीसारखा वळतो. इथपर्यंत सर्वांचे एकमत होते. पण निघताना चेंडू कोणत्या दिशेने निघतो? विसाव्या शतकात गोल्फ शिकवणारे पुष्कळ शिक्षक सांगत, की तो काठीच्या वाटेने निघतो आणि मग तोंड जिकडे असेल तिकडे वळतो. म्हणून शिष्याला ते सांगत, तोंड निशाणावर ठेव आणि काठी जराशी उजव्या अंगाने ने. चेंडू उजवीकडून निघेल आणि वळून निशाणावर येईल. शिष्य इमानाने तसे करी आणि चेंडू निशाणाच्या डावीकडे भरकटत जाई. मग शिष्याला बोलणी बसत. २००० सालानंतर रडारच्या साहाय्याने चेंडूचा मार्ग मोजता येऊ लागला, तेव्हा सगळ्यांना स्वच्छ दिसले, की चेंडू निघतो तो मुख्यतः तोंडाच्या दिशेने, आणि वळतो तो काठीच्या वाटेपासून दूर. शिष्य बरोबर होता, नियम चूक होता. गंमत अशी, की कित्येक नामांकित खेळाडू तोंडाने जुना नियम सांगत आणि हाताने नवा पाळत. चेंडूने त्यांना शिकवले होते. ते बोलून दाखवायला शब्द मात्र जुनेच होते.

आता शेवटचा आणि दिसायला सर्वांत सोपा टोला, पट. खड्ड्याचे तोंड १०८ मिलिमीटर. चेंडूचा मध्य त्याच्या मधोमध जायला पाहिजे असे नाही, दोन्हीकडे ५४ मिलिमीटर मुभा आहे. हलक्या हाताने मारलेला चेंडू एवढ्यात असला, तर आत पडतो. वीस फुटांवरून ही मुभा दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा अंश होते. दहा फुटांवरून एक अंश, पाच फुटांवरून दोन, आणि अडीच फुटांवरून चार अंश. अंतर निम्मे झाले, की मुभा दुप्पट. हे झाले सपाट जमिनीचे. हिरवळ सपाट नसते. तिचा उतार किती, हे माझा विद्यार्थी उभ्यानेच सांगत होता. म्हणाला, "डोळा फसतो सर, पायाला कळतं."

चार अंशांची मुभा म्हणजे चैनच. पण १९७० साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर काय झाले, ते ऐका. खेळाडू अमेरिकेचे डग सँडर्स. गरीब घरचा माणूस. लहानपणी जॉर्जिया राज्यात आपल्या गावी त्यांनी कापूस वेचला होता, आणि घराजवळच्या मैदानावर पाहून पाहून खेळ शिकले होते. ब्रिटिश ओपन ही जगातली सर्वांत जुनी स्पर्धा. तिचा शेवटचा दिवस, शेवटचा खड्डा, आणि चेंडू खड्ड्यापासून अडीच फुटांवर. एवढा आत घातला, की त्या वर्षीचे विजेतेपद त्यांचे. ते चेंडूवर वाकून उभे राहिले. तेवढ्यात वाटेत काहीतरी आहेसे वाटले, म्हणून ते खाली वाकले आणि बोटाने ते काढायला गेले. ते गवताचे वाळके पाते निघाले. आजूबाजूला हजारो लोक. सँडर्स उठले, पण मागे सरले नाहीत. पाय होते तिथेच ठेवून त्यांनी टोला मारला. चेंडू उजवीकडून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बरोबरी फोडण्यासाठी जॅक निक्लॉस आणि ते पुन्हा अठरा खड्डे खेळले. निक्लॉस ७२, सँडर्स ७३. पुन्हा एकच टोला. सँडर्स यांनी इतर पुष्कळ स्पर्धा जिंकल्या, पण जगातल्या चार प्रमुख स्पर्धांपैकी एकही त्यांना कधी मिळाली नाही. २०२० साली ते वारले, तोवर लोक त्यांना त्या अडीच फुटांविषयीच विचारत राहिले. मुभा चार अंशांची होती. ती पुरली नाही, कारण उभे राहणे एकदा मोडले आणि ते पुन्हा जुळवले गेले नाही.

ही हकीकत मी माझ्या विद्यार्थ्याला सांगितली. त्याने सँडर्सचे नाव ऐकले नव्हते. पण तो चटकन म्हणाला, "मागं सरायला पाहिजे होतं सर. मधे काही आलं, की मागं सरायचं आणि पहिल्यापासून उभं राहायचं. लाज वाटून घ्यायची नाही."

मी विचारले, "हे सगळं तू शिकलास कुठं?"

तो म्हणाला, "चेंडू शोधता शोधता. चेंडू झुडपात गेला, की बाकीची पोरं झुडपाकडं पळतात. मी आधी साहेबांच्या पायाकडं बघतो. पाय कुठं वळलेत ते कळलं, की चेंडू कुठं असणार ते कळतं."

श्रोतेहो, हे ऐकून मी गप्प झालो. याच मुलाला मी दोन वर्षे त्रिकोणमिती शिकवली होती. भिंतीला टेकलेल्या शिडीचे उदाहरण मला चांगले आठवते. शिडी भिंतीशी किती अंशांचा कोन करते, हे प्रश्नात दिलेले असे, आणि तो आकृतीत तो कोन जमिनीशी दाखवी. पुढची पाच-सहा पायऱ्यांची रीत मात्र शहाण्यासारखी, एक चूक नाही. उत्तर अर्थातच भलतेच येई. मी शेवटच्या ओळीवर तांबडी फुली मारी आणि खाली लिही, "लक्ष दे." कशाकडे लक्ष दे, ते मी कधी लिहिले नाही. तो बिचारा शेवटची ओळ पुन्हा पुन्हा तपासत बसे. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर, मग चुकले कुठे? चूक पहिल्या ओळीत होती आणि मी तिला झुडपात शोधत होतो. पायांकडे मी कधी पाहिलेच नाही. पुढे तो जे काम निव्वळ नजरेने करू लागला, ते काम मला पगार घेऊन जमले नव्हते.

त्या दिवसापासून मी वह्या तपासण्याची पद्धत बदलली आहे. उत्तर आधी बघत नाही. वरून खाली येतो, पहिली चूक सापडली की तिथे एक बारीक खूण करतो आणि थांबतो. पुढे काही लिहीत नाही. मुलाने तिथून पुन्हा उभे राहायचे. सत्तर वह्यांना पूर्वी एक संध्याकाळ लागे, आता तीन लागतात. घरी बोलणी खातो. पण बरीच मुले आता वही घेऊन येतात आणि स्वतः सांगतात, "सर, इथं घसरलो."

शिक्षकांसाठी एक छोटा प्रयोग सुचवतो, खर्च काही नाही. पटांगणात दोन विटा सव्वाचार इंच अंतर ठेवून उभ्या करा. रबरी चेंडू घ्या. अडीच फूट, पाच फूट, दहा फूट आणि वीस फूट अशा चार रेघा चुन्याने मारा. प्रत्येक मुलाने प्रत्येक रेघेवरून दहा वेळा चेंडू घरंगळत सोडायचा. किती विटांमधून गेले, ते फळ्यावर मांडा. अंतर दुप्पट झाले की कोनाची मुभा निम्मी होते, हे मुलांना सूत्राआधी दिसेल. नंतर पुन्हा तेच करा, पण या खेपेस चेंडू सोडण्याआधी प्रत्येकाने जमिनीवर एक सरळ काठी विटांमधल्या फटीच्या रोखाने ठेवायची, मागे जाऊन ती बघायची, आणि मगच चेंडू सोडायचा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. फरक काय पडला, ते मी सांगत नाही. आपल्याच फळ्यावर वाचा.

शेवटी पुन्हा टोकियोला येऊ. अदितीचे लांब टोले इतर बऱ्याच जणींपेक्षा आखूड पडत होते. स्पर्धेच्या काही आठवडे आधी तिला कोविड झाला होता आणि अंगातली ताकद कमी झाली होती, असे तिने स्वतः सांगितले. काठ्यांची पिशवी वाहायला तिची आई होती. दुसऱ्या मुली चेंडू तिच्या कितीतरी पुढे नेऊन टाकत, आणि ती हिरवळीवरच्या नेमक्या पटांनी ती तूट भरून काढी. अशा रीतीने चार दिवस भरून काढता काढता ती पदकापासून एका टोल्यावर येऊन पोचली.

तो एक टोला अठराव्या खड्ड्यापाशी हरवला, असे आपण म्हणतो. पण पहिल्या दिवशीच्या तिसऱ्या-चौथ्या खड्ड्यावर गेलेला एखादा टोला तेवढ्याच किमतीचा होता. २६९ पैकी कोणताही एक. अठराव्या खड्ड्यापाशी तो फक्त दिसला, कारण तिथे सगळे बघत होते.

तेव्हा मंडळी, पोराचे उत्तर चुकले, पेरणी वाकडी गेली, हिशेबात दोन रुपये कमी आले, तर आधी झुडपाकडे धावू नका. जिथे उभे होतो तिथल्या पायांच्या खुणा अजून ओल्या असतात. त्या बघाव्या, मागे सरावे, आणि पहिल्यापासून उभे राहावे. लाज वाटून घेऊ नये.